कच्च्या काँक्रीटवरचे ऊन

आज चंदीगडच्या कॅपिटल कॉम्प्लेक्समध्ये, ओळखपत्र दाखवून आणि मार्गदर्शकाच्या मागे चालत, सकाळभर कॅमेरा घेऊन हिंडलो. वास्तुकार ल कार्बुझिए यांच्या या इमारती छायाचित्रांत मला नेहमी रुक्ष वाटत आल्या होत्या, म्हणून सगळे फोटो कृष्णधवल काढायचे असे ठरवूनच निघालो होतो. उच्च न्यायालयासमोर उभा राहिलो आणि हिरव्या, पिवळ्या, लाल रंगांच्या त्या उत्तुंग खांबांनी तो बेत पहिल्या दहा मिनिटांतच मोडून काढला.

‘ब्रुटॅलिझम’ या वास्तुशैलीच्या नावामागे क्रौर्य नसून ‘बेतों ब्रूत’, म्हणजे कच्चे, गिलावा न केलेले काँक्रीट आहे, हे वाचून माहीत होते. पण तिरप्या उन्हात भिंतीजवळ गेल्यावर साच्याच्या फळ्यांचे ठसे, सांधे आणि पावसाने ओढलेले काळे ओघळ दिसू लागले, तेव्हा तो कच्चेपणा डोळ्यांना खऱ्या अर्थाने कळला. ऊन डोक्यावर आले की हा सारा पोत सपाट होतो, त्यामुळे दुपारचे बहुतेक फोटो मी पुसून टाकले.

विधानसभेची वर वळलेली, पन्हळीसारखी कमान चौकटीत मावेना. मागे सरकत गेलो, तर आमचा गट पुढे निघून गेला आणि मार्गदर्शकाने (अगदी सौजन्याने) हाक मारली. २६ मीटर उंचीचे ‘उघडा हात’ हे शिल्प वाऱ्याबरोबर फिरते. आज वारा नव्हता, आणि माझ्याकडच्या पाचही फोटोंत ते एकाच दिशेला पाहते आहे.