वडिलांचा व्यवसाय

अमृतमहोत्सव समितीचा फोन आला तेव्हा मी नुकताच रात्रपाळी करून घरी आलो होतो. "स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, माजी विद्यार्थी म्हणून." हो म्हणालो, आणि त्या दिवशी झोपच लागली नाही. शाळेवर लिहायचं म्हणजे मैदान, गॅदरिंग, मागच्या भिंतीवरून मारलेल्या उड्या, हेडसरांची छडी. ते सगळं बाकीचे लिहितीलच. माझ्याकडे लिहिण्यासारखं एकच आहे आणि ते बाईंचं आहे. नुसतं 'बाई' लिहितो. आपल्या वेळच्या कुणालाही कोणत्या बाई हे सांगावं लागणार नाही. वसईच्या, ख्रिस्ती, गळ्यात बारीक साखळीत क्रूस, आम्हाला मराठी आणि भूगोल शिकवायच्या. माहेरी बोलायच्या ती बोली वेगळी, पण वर्गात तुकोबांचा अभंग म्हणायला लागल्या की शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प व्हायची.

१९८३ साल, मी आठवीत. फी-सवलतीचा फॉर्म आला होता. त्यात एक रकाना होता, 'वडिलांचा व्यवसाय'. मी लिहिलं, 'व्यापार'.

आण्णांचं सांगलीच्या गावभागात केशकर्तनालय होतं. दोन खुर्च्या, समोर लांब आरसा, आरशावर सेना महाराजांचा फोटो. मी वर्गात शिरलो की दोन-तीन पोरं बाकाखाली दोन बोटांची कात्री करून कच् कच् असा आवाज करायची. तोंडाने काही म्हणायची नाहीत, त्यामुळे तक्रार तरी कशाची करायची? सातवीचं अख्खं वर्ष तो आवाज ऐकला. म्हणून 'व्यापार'.

बाईंनी फॉर्म गोळा केले, चाळले, माझ्या फॉर्मपाशी जरा थांबल्या आणि पुढे गेल्या. वर्गात चकार शब्द नाही. बाईंची खोली आमच्या दुकानाच्या पुढच्याच बोळात होती, रोज शाळेत येताना त्या दुकानावरून यायच्या. त्यांना माहीत नव्हतं असं थोडंच होतं!

मधल्या सुट्टीत त्यांनी मला लायब्ररीत बोलावलं. जिन्याखालची ती खोली ज्यांनी पाहिली त्यांना तिचा वास आठवेल, जुना कागद आणि खळ. उंदरांनी दक्षिण अमेरिकेच्या नकाशाची कड कुरतडली होती आणि बाई मागून कापडाची पट्टी चिकटवत बसल्या होत्या.

"बस. हे धर." मी नकाशाचं टोक धरलं. त्यांनी माझा फॉर्म काढून त्या रकान्यावर बोट ठेवलं. "दुकान आहे, म्हणजे व्यापार म्हणायला हरकत नाही. पण तू ते म्हणून लिहिलं नाहीस. हो ना?"

मी खाली बघत राहिलो. बाईंनी पुन्हा विचारलं नाही. पर्समधून एक छोटी प्रार्थनेची वही काढली आणि तिच्या पानांतून पोस्टकार्डाहून लहान असं एक रंगीत चित्र काढून माझ्यापुढे ठेवलं. काळासावळा माणूस, अंगात पांढरा झगा, त्यावर काळा अंगरखा, हातात झाडू. पायाशी कुत्रा, मांजर आणि उंदीर एकाच ताटलीत खातायत.

"हे संत मार्टिन. हे न्हावी होते."

आज तो क्षण आठवला तरी अंगावर काटा येतो. मी त्यांना म्हणालो, "बाई, खरंच?" त्या म्हणाल्या, "खरंच. ह्या इथले," आणि खळीने ओल्या झालेल्या बोटाने नकाशावर पेरू देश दाखवला. पेरू नावाचा देश असतो याचं मला हसू आलं, त्याही हसल्या. मग मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी त्यांनी मला सोडलं नाही.

मार्टिन दे पोरेस. जन्म १५७९, लिमा शहरात. वडील स्पॅनिश सरदार आणि आई गुलामगिरीतून सुटलेली काळी बाई. मुलाचा रंग आईवर गेला म्हणून वडिलांनी आधी त्याला आपला म्हटलंच नाही. बाप्तिस्म्याच्या नोंदीत 'वडील अज्ञात' असं लिहिलं गेलं. बाई इथे थांबल्या आणि म्हणाल्या, "बघ, त्यांच्याही फॉर्मात हाच रकाना होता." बाराव्या वर्षी मार्टिन न्हाव्याच्या हाताखाली लागला. त्या काळी न्हावी म्हणजे नुसती हजामत नव्हे. जखमा धुणं, गळू फोडणं, हाड बसवणं, दूषित रक्त काढणं, झाडपाल्याची औषधं देणं हे सगळं त्याच्याकडेच. पोराच्या हाताला गुण होता. पंधराव्या वर्षी तो डोमिनिकन साधूंच्या मठात गेला, पण तिथल्या नियमाप्रमाणे काळ्या रक्ताच्या माणसाला संघात घेत नसत. म्हणून वरकाम्या म्हणून राहिला. झाडलोट, धुणं, साधूंचे केस कापणं, आजाऱ्यांची सेवा. नऊ वर्षांनी, १६०३ साली, त्याला व्रतं घेऊ दिली. तरीही तो फादर झाला नाही, शेवटपर्यंत ब्रदरच राहिला.

"फादर आणि ब्रदर यात काय फरक असतो बाई?"

"फादर वेदीपाशी उभे राहतात. ब्रदर वाकलेले असतात."

एकदा मठावर कर्ज झालं. मठाधिपती सामान विकायला निघाले तेव्हा मार्टिन धावत गेला आणि म्हणाला, मी मठाच्याच मालकीचा आहे, मला विका. एकदा रस्त्यावर पडलेला, अंगभर फोडं झालेला म्हातारा भिकारी त्याने उचलून आणला आणि स्वतःच्या बिछान्यावर निजवला. दुसरा एक साधू रागावला, चादर घाण केलीस म्हणून. मार्टिन म्हणाला, चादर साबणाने निघेल, पण ह्याला बाहेर ठेवलं असतं तर माझ्या मनावरचा डाग कितीही पाण्याने निघाला नसता. दिवसभर हे असं, आणि रात्री सगळे झोपले की एकटा तासन्तास प्रार्थना. मांस खात नसे. रस्त्यावर टाकलेल्या पोरांसाठी त्याने लिमात घर उभं केलं. आणि उंदरांची गोष्ट तर बाईंनी खास माझ्यासाठी शेवटाला ठेवली होती. मठातले कपडे उंदीर कुरतडायचे, सगळे विष घालायला निघाले. मार्टिनने म्हणे एका उंदराला पकडून समजावलं, तुमच्या सगळ्यांना घेऊन बागेत जा, रोज मी तिथे तुम्हाला खायला आणून देईन. बाईंनी फाटक्या नकाशाकडे बघितलं. त्या आठवड्यात शिपाईमामांच्या पिंजऱ्यात दोन उंदीर सापडले, ते एरवीसारखे बादलीत बुडवले गेले नाहीत. मामा पिंजरा घेऊन मागच्या ओढ्याकडे चाललेले मी स्वतः पाहिलेत. बाईंनी त्यांना काय सांगितलं होतं कोण जाणे.

मग बाईंनी मला कोरा फॉर्म दिला. मी 'केशकर्तन' लिहायला लागलो, त्यांनी थांबवलं. "आण्णा स्वतः काय म्हणतात?"

"न्हावीकाम."

"मग तेच लिही. अक्षर नीट काढ."

एवढीच घटना. वर्गात कुणाला कळलीसुद्धा नाही. कात्रीचा आवाजही लगेच बंद झाला नाही. पण तो ऐकू आला की मला त्या माणसाच्या हातातला झाडू दिसायचा आणि मी बाकावर ताठ बसायचो.

बाईंनी ते चित्र मला देऊन टाकलं. १९६२ साली पोप तेविसाव्या जॉन यांनी मार्टिनना संत म्हणून जाहीर केलं तेव्हा वसईत त्यांना ते मिळालं होतं, त्या स्वतः तेव्हा शाळकरी होत्या. एकवीस वर्षं जपलेली वस्तू त्यांनी एका आठवीतल्या पोराला दिली. ह्याची किंमत मला तेव्हा कळली नाही.

मी ते आण्णांना नेऊन दाखवलं. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. आण्णांनी टॉवेलला हात पुसले, चित्र उजेडात धरलं.

"कोण हे?"

"संत आहेत. न्हावी होते. पेरू देशातले."

"ख्रिस्ती?"

"हो."

आण्णा बराच वेळ बघत राहिले. "झाडू हाय की हातात. गाडगेबाबांसारखा." मग मी सगळी गोष्ट सांगितली. दार बंद असलं तरी आजारी माणसाच्या उशाशी मार्टिन येऊन बसलेले दिसायचे असं तिथले लोक सांगतात, हेही बाईंकडून ऐकलेलं सांगितलं. आण्णा म्हणाले, "त्यात काय नवल. सेना महाराज पूजेला बसलेले आन् राजाचं बोलावणं आलं, तवा देव धोपटी घेऊन गेलाच की त्यांच्या जागी." आणि त्यांनी स्वतः फ्रेमवाल्याकडे जाऊन चित्राला काच बसवून आणली, सेना महाराजांच्या शेजारी खिळा ठोकला. तेव्हापासून श्रावण वद्य द्वादशीला सेना महाराजांच्या पुण्यतिथीला दुकानात दोन हार यायचे. आण्णा त्यांना मार्टिनबुवा म्हणायचे. बाईंना हे सांगितलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे आयुष्यात मी पुष्कळ कीर्तनं ऐकली, प्रवचनं ऐकली, पण बाईंच्या त्या अर्ध्या तासाएवढं काही माझ्यात उतरलं नाही.

बारावीनंतर मी नर्सिंगला गेलो. पाहुण्यांमध्ये चर्चा झाली, पुरुषासारखा पुरुष आणि नर्स? मी कुणाला उत्तर दिलं नाही. पुरुष नर्सला आपल्याकडे सगळे 'ब्रदर' म्हणतात. पहिल्या दिवशी मेल वॉर्डात एका म्हाताऱ्याने हाक मारली, "ओ ब्रदर, जरा पाणी द्या," तेव्हा मी पाण्याचा तांब्या हातात घेऊन क्षणभर तसाच उभा राहिलो.

आज तीस वर्षांच्या वर नोकरी झाली. ऑपरेशनच्या आधी पेशंटचे केस काढायला लागतात, बरेच जण ते काम दुसऱ्यावर ढकलतात. मी स्वतः करतो. आण्णांनी शिकवलंय, डाव्या हाताने कातडी ताणून धरायची, पातं तिरकं ठेवायचं, केसाच्या कलाने जायचं, मग ओरखडा उठत नाही. बेडसोअरचं ड्रेसिंगही तसंच. पाठीवर हाताएवढी जखम, वास सुटलेला, घरचे लोक नाकाला रुमाल लावून दाराशी उभे. अशा वेळी मी घाई करत नाही. कडेकडेने, कोमट सलाइनने भिजवून, जुनी पट्टी सुटेपर्यंत वाट बघत बसतो. दोनदा उत्कृष्ट कर्मचारी म्हणून सत्कार झाला. दोन्ही वेळा व्यासपीठावर मी बाईंचं नाव घेतलं, सभागृहात त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं.

करोनाच्या काळात तर वॉर्डात आम्हीच नातेवाईक होतो. पीपीई किटमध्ये घामाने डोळे झोंबायचे, समोरचा माणूस दम लागून हात घट्ट धरायचा. मार्टिन यांच्याबद्दल एक हकीकत आहे. गावात साथ चालू असताना त्यांनी जखमी माणसाला मठात आणलं, वरिष्ठांनी आज्ञा मोडली म्हणून दोष दिला, तेव्हा ते नम्रपणे म्हणाले, आज्ञेपेक्षा दया खाली असते हे मला माहीत नव्हतं. भेटीची वेळ संपल्यावर मी एका मुलाला काचेपलीकडून दोन मिनिटं बापाकडे बघू दिलं तेव्हा हेच वाक्य मनात होतं.

बाई निवृत्त होऊन वसईला गेल्या. दर वर्षी ३ नोव्हेंबरला, म्हणजे मार्टिन यांच्या सणाच्या दिवशी, मिळेल अशा बेताने पोस्टकार्ड पाठवायच्या. १६३९ साली त्याच तारखेला ते गेले. कार्डावर चार ओळी, शेवटी 'आण्णांना नमस्कार'. सुरुवातीला मी लगेच उत्तर द्यायचो. मग ड्युट्या, लग्न, पोरंबाळं. मग कार्डं येत राहिली आणि माझी उत्तरं कमी झाली. वसई काही परदेशात नाही, रात्री एस.टी.त बसलं की सकाळी मुंबई येते. मी एकदाही गेलो नाही. एका वर्षी कार्ड आलं नाही. पत्ता शोधून फोन केला तर भाचीने उचलला. बाईंना जाऊन दोन महिने झाले होते. ह्या एका गोष्टीची मला स्वतःला माफी देता येत नाही.

परवा ह्या लेखाच्या निमित्ताने शाळेत जाऊन आलो. कौलं गेली, तीन मजली इमारत झाली, फार छान झाली. जिन्याखालची खोली मात्र राहिली नाही. तिथे आता इन्व्हर्टर आहे. नकाशे कुठे गेले असं विचारलं तर नवीन सरांनी भिंतीवरचा मोठा पडदा दाखवला. धाकट्या मुलीचा फॉर्म मागे ऑनलाइन भरला, त्यात वडिलांचा व्यवसाय लिहायचा नव्हता, यादीतून निवडायचा होता. शेती, नोकरी, व्यवसाय, इतर. अक्षर नीट काढ म्हणून सांगायला तिथे कोण असणार?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली, गावभाग सगळा पाण्याखाली. आण्णांना बोटीतून बाहेर काढलं. ऐंशीच्या घरातला माणूस, मांडीवर वस्तऱ्या-कातरीची जुनी धोपटी आणि तिच्यात सेना महाराजांचा फोटो. दुसऱ्या फोटोपर्यंत त्यांचा हात पोहोचला नव्हता, तोवर पाणी खुर्च्यांच्या वर आलेलं. आठवडाभराने पाणी ओसरल्यावर आम्ही दुकान उघडलं. गुडघाभर गाळ, आरसा आडवा, आणि भिंतीवर मार्टिनबुवा जागेवरच. काचेच्या आत गढूळ पाणी शिरलेलं. मी फ्रेम उघडून चित्र बाहेर काढलं. रंग सगळे एकमेकांत उतरले होते. चेहरा गेला, कुत्रा-मांजर गेलं. झाडू तेवढा स्वच्छ दिसत होता.

मी म्हणालो, "आण्णा, दुसरं आणू या का? मिळेल कुठेतरी."

आण्णांनी ते हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं. "कशाला? झाडू ऱ्हायलाय. वळखू येत्यात." आणि हातोडी मागितली.