आमच्या बँडखोलीतला फळा

शाळेच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीला लागून जी पत्र्याची खोली आहे, तिला आमच्या वेळी बँडखोली म्हणत. आत शिरताच डाव्या हाताला एक जुना फळा टांगलेला असे. त्यावर बँडपथकातल्या प्रत्येकाचे नाव आणि नावापुढे त्या आठवड्याचे एकच काम लिहिलेले असे : ‘प चार मोजेपर्यंत धरणे’, ‘डाव्या हाताचा ठोका उजव्याइतका जोरात’, ‘दुसऱ्या ओळीत श्वास मध्येच न तोडणे’. उजव्या कोपऱ्यात, चौकटीत, नुसता एक आकडा असे. मी पाचवीत असताना पहिल्यांदा त्या खोलीत गेलो, तेव्हा तो आकडा 61 होता. तो कशाचा आहे हे मला कळायला पुढे चार महिने लागले.

आमचे बँडसर सैन्याच्या बँडमधून निवृत्त होऊन शाळेत आलेले होते. सैन्यातले वादक जिथे तयार होतात त्या पचमढीला त्यांचे शिक्षण झाले होते आणि नोकरीची बरीच वर्षे बेळगावला, मराठा लाइट इन्फंट्रीत गेली होती. असा माणूस शाळेत येतोय म्हटल्यावर आमची समजूत अशी झाली की आता मैदानाला फेऱ्या, उन्हात उभे करणे आणि छडी यांना अंत राहणार नाही. प्रत्यक्षात सरांनी कोणाला शिक्षा म्हणून पळवल्याचे मला आठवत नाही. त्यांची काळजी निराळीच होती. बँडमध्ये नाव घालताना तीस मुले रांगेत उभी असतात आणि दिवाळीनंतर त्यातली बाराच उरतात, हे त्यांनी पहिल्याच वर्षी पाहिले होते. ‘‘पोरगं अवघड वाटतंय म्हणून बँड सोडत नाही,’’ असे ते म्हणत, ‘‘रिकामं उभं राहायला लागलं की सोडतंय.’’ पुढची सगळी वर्षे त्यांनी जे काही केले, ते माझ्या मते या एका वाक्यातून निघाले होते.

माझ्याच बाबतीत पाहा. मला ट्रंपेट हवा होता, पण शाळेकडे ट्रंपेट सहा आणि मागणारे चौदा होते. दुसऱ्या एखाद्या शाळेत उरलेल्या आठांना ‘पुढच्या वर्षी या’ असे सांगितले गेले असते. सरांनी आम्हाला नुसते माऊथपीस, म्हणजे ओठांना लावायचे सुटे टोक, दिले आणि तीन आठवडे तेवढ्यावरच ओठ तयार करायला सांगितले. ओठ हलके मिटून त्यांतून हवा सोडायची, गाल फुगवायचे नाहीत आणि येणारी घूंऽऽ अशी गुणगुण न थरथरता धरून ठेवायची. ‘‘फुगा फुगवायलास काय रे? गाल आत घे,’’ हे वाक्य आम्ही प्रत्येकाने निदान पन्नास वेळा ऐकले असेल. मी संध्याकाळी कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या कट्ट्यावर बसून तो सराव करत असे. घरात केला तर आई म्हणायची की माळ्यावर गांधिलमाशीचे पोळे झाले आहे की काय, एकदा बघा तरी.

माऊथपीसही मुळात पुरेसे नव्हते. दोघा-तिघांत एक, धुऊन पुसून फिरवायचा, अशी व्यवस्था होती आणि सरांना ती अजिबात पटत नसे. माझे वडील उद्यमनगरात एका कारखान्यात टर्नर होते. कोल्हापूरच्या उद्यमनगराबद्दल असे बोलले जाते की नमुना दाखवा, दुसऱ्या दिवशी तसाच भाग हातात मिळेल. तेव्हा मी एक दिवस सरांकडून नमुन्याचा माऊथपीस मागून घेतला आणि वडिलांच्या पुढे ठेवला. त्यांनी तो उजेडासमोर धरून आतल्या वाटीकडे आणि खालच्या बारीक भोकाकडे बराच वेळ पाहिले, व्हर्नियरने चार ठिकाणी मापे घेतली आणि पितळी सळईच्या उरलेल्या तुकड्यांतून पाच माऊथपीस लेथवर काढून दिले. पहिल्याची कड जरा धारदार राहिली होती आणि ओठाला लागत होती. सरांनी तो वाजवून पाहिला आणि वडिलांना निरोप पाठवला की आवाज चोख आहे, फक्त कड भाकरीच्या काठासारखी गोल करून द्या. पुढचे चार तसेच गोल कडेचे निघाले. पहिला मात्र मी कोणाला दिला नाही.

तीन आठवड्यांनी ट्रंपेट हातात आला तेव्हा एकही कळ न दाबता, केवळ ओठ कमी-जास्त आवळून सा, प, वरचा सा, त्याच्यावरचा ग आणि प एवढे स्वर निघतात, हे पाहून मी थक्क झालो होतो. बिगुलाला कळा नसतात आणि तरी त्यावर सगळे इशारे वाजतात, ते याच पाच स्वरांत. पण खरी गंमत पुढे झाली. संगीताच्या बाईंची पेटी आणि आमचे ट्रंपेट एकत्र वाजवायचे ठरले. त्या पांढरी एक या पट्टीचा सा धरून बसल्या, आम्ही आमचा सा वाजवला आणि दोन्ही आवाज असे काही भांडले की बाईंनी कानांवर हात ठेवले. सरांनी हसत हसत पेटीपाशी जाऊन काळी पाच दाबली आणि म्हणाले, ‘‘आमचा सा हितं राहतोय, बाई. क्लॅरिनेटचाबी हितंच.’’ वाद्याची लांबी ठरलेली असते म्हणून त्याचा मूळ स्वरही ठरलेला असतो, पेटीवाल्यासारखी पट्टी पटकन बदलून घेता येत नाही, ही गोष्ट मला त्या पाच मिनिटांत जशी समजली तशी नंतर कोणत्याही पुस्तकातून समजली नसती.

सरांचे सर्वांत अवघड काम आम्हाला कधी दिसतच नसे, कारण ते रात्री घरी बसून होई. प्रत्येक चालीचे ते वेगवेगळे भाग लिहीत आणि ते वाद्यांप्रमाणे कमी, मुलांप्रमाणे अधिक असत. आमच्या वर्गातल्या एका मुलाला सहा महिन्यांनंतरही ट्रंपेटवर एकच स्वर धड काढता येई, तो म्हणजे प. त्याच्यासाठी सरांनी संचलनाच्या धुनेत असा भाग लिहिला की सगळे जण वरची चाल वाजवत असताना तो खालून नुसता प धरून राही, तंबोऱ्याच्या तारेसारखा. एकदा तो तापाने दोन दिवस आला नाही. सरांनी आम्हाला तीच धून त्याच्याशिवाय वाजवायला लावली, तो परत आल्यावर पुन्हा त्याच्यासह वाजवायला लावली आणि काही न बोलता आमच्या तोंडांकडे पाहत राहिले. तो मुलगा दहावीपर्यंत बँडमध्ये होता आणि शेवटी त्याला सगळे स्वर येत होते.

शिवाजी पेठेतल्या एका मुलाचे उलटे होते. त्याच्या घरी हलगी होती आणि हात असा तयार होता की नोटेशनच्या कागदाकडे बघणे त्याला कमीपणाचे वाटे. साइड ड्रमवर तो मनाला येईल ते वाजवी. सरांनी त्याला गप्प बसवले नाही. त्याची हलगीची एक घाई, म्हणजे जलद ठेका, त्यांनी त्याच्याकडून पुन्हा पुन्हा वाजवून घेतली, ती कागदावर उतरवली आणि तो कागद त्याच्याच हातात देऊन म्हणाले, ‘‘हे तुझंच आहे, आता बाकीच्यांना शिकव.’’ इतरांना शिकवायचे तर कुठला ठोका उजव्या हाताचा आणि कुठला डाव्याचा हे सांगावे लागते. उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा हा ड्रमचा पाठ, ज्याचा त्याला कंटाळा होता, तो त्याने महिनाभरात दुसऱ्यांकडून घोटून घेतला आणि अर्थातच स्वतःचाही घोटला.

गणपतीचे दहा दिवस आणि त्याआधीचा महिना म्हणजे कोल्हापुरातल्या कोणत्याही बँडशिक्षकाची परीक्षा. निम्मी मुले आपापल्या तालमीत लेझीम आणि ढोल-ताशाच्या सरावाला जातात आणि त्यांना अडवणारा शिक्षक मुलेही गमावतो आणि पालकही. सरांनी त्या काळात बँडची तालीम आठवड्यातून एकदाच ठेवली, आणि एक गृहपाठ दिला : मिरवणुकीत ऐकलेला एक तरी ठेका तोंडाने म्हणून दाखवायचा. अनंत चतुर्दशीनंतरच्या शनिवारी बँडखोलीत जो गोंगाट होई तो आजही कानात आहे. विसर्जनानंतर बँड सोडलेला मुलगा निदान माझ्या वेळी तरी एकही नव्हता.

आता माझ्या फजितीबद्दल लिहिले पाहिजे. सातवीत मधले काही महिने ओठाला जखम झाल्यामुळे सरांनी मला रिकामे न ठेवता मोठ्या ड्रमवर घेतले होते. 15 ऑगस्टला नेहमीप्रमाणे झिमझिम पाऊस होता. चामड्याची पाने भिजून सैल पडली होती, ड्रमचा आवाज मला स्वतःलाच नीट येत नव्हता आणि संचलन वळणावर आले तेव्हा माझा ठोका डाव्या पायावरून सरकून उजव्यावर गेला. मोठ्या ड्रमवर सगळ्यांचे पाय पडतात. पुढच्या रांगेने पाय बदलला, मागच्या रांगेने बदलला नाही आणि पाहुण्यांच्या समोरून आमचे पथक अक्षरशः लंगडत गेले. घरी येऊन मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी सरांनी मला मैदानाच्या मध्यभागी डोळे मिटून उभे केले, पथकाला माझ्याभोवती मिनिटाला 120 पावलांच्या गतीने फिरवले आणि आत्ता कोणता पाय पडला ते नुसते ऐकून सांगायला लावले. पहिल्यांदा मी अंदाजाने बोलत होतो. मग लक्षात आले की पथकाचा डावा पाय नेहमीच किंचित जड पडतो. त्या आठवड्यात फळ्यावर माझ्या नावापुढे ‘ड्रमऐवजी बूट ऐकणे’ असे लिहिलेले होते.

आणि कोपऱ्यातला तो आकडा. संपूर्ण राष्ट्रगीत सुमारे 52 सेकंदांत वाजवायचे असते. आमचा बँड ते 61 सेकंदांत वाजवत होता, कारण अवघड जागा आली की आम्ही नकळत रेंगाळत असू. सर दर शनिवारी घड्याळ लावत. आकडा 58 झाला, एका आठवड्यात घाई करून 49 झाला तेव्हा सरांनी तो लिहायलाच नकार दिला, मग 55 आणि 54. कोणाशी स्पर्धा नव्हती, कोणता करंडक नव्हता, पण शुक्रवारी रात्री आम्हाला झोप येत नसे. आंतरशालेय स्पर्धांना सर नाखुशीनेच नेत, कारण स्पर्धेसाठी पंधरा जण निवडले की उरलेले आपोआप रिकामे होतात. यावर मुख्याध्यापकांशी त्यांचे मतभेद होते आणि आजही या बाबतीत मी सरांच्याच बाजूला आहे, जरी कपाटातल्या ढाली कमी भरल्या असतील. फळ्यावर 52 आला तो शनिवार आमच्या घरात अजून ‘बावन्नचा शनिवार’ म्हणून ओळखला जातो.

दहावीचे वर्ष हे बँडचे सर्वांत मोठे गळतीचे ठिकाण. पालक जूनमध्येच वाद्य परत आणून देत. सरांनी माझ्या वडिलांना एवढेच सांगितले की याला बँडच्या तालमीला पाठवू नका, शनिवारी वीस मिनिटे पाचवीच्या एका पोराला शिकवायला पाठवा. वडिलांनी मान्य केले. त्या पोराचे ओठ घडवताना माझे स्वतःचे ओठ सुटले नाहीत, हा सरांचा डाव मला फार नंतर कळला.

गेली काही वर्षे मी कागल तालुक्यातल्या एका शाळेत शनिवारी बँड शिकवायला जातो. तिथेही फळा आहे, कोपऱ्यात आकडा आहे आणि तो सध्या 57 आहे. आमच्या शाळेच्या या महोत्सवाच्या निमित्ताने वडिलांनी काढलेला तो पहिला, धारदार कडेचा माऊथपीस मी बँडखोलीत आणून दिला आहे. बाहेरच्या अंगाला लेथच्या हत्याराची बारीक चरी अजून दिसते. शाळेने तो काचेच्या कपाटात ठेवायचे ठरवले होते, पण मी कड घासून गोल करूनच आणला आहे. ज्याला अजून ट्रंपेट मिळालेला नाही अशा एखाद्या मुलाला किंवा मुलीला तो सोमवारीच द्यावा.