गान्सेदोच्या लोखंडातले दगड

आर्जेन्टिनातल्या रेसिस्तेन्सिया शहराहून निघून शेवटी राष्ट्रीय मार्ग 89 ने गान्सेदो गाव गाठेपर्यंत बघण्यासारखं फारसं काही नाही. पुढचा कच्चा रस्ता पावसानंतर विसराच. चिखलात चाक रुतलं की ट्रॅक्टरवाल्याचे पाय धरायचे. हा चाको प्रांत उन्हाळ्यात भाजून काढतो, त्यामुळे तिथला हिवाळा, म्हणजे जून-जुलैच बरा.

इथल्या काम्पो देल सिएलो भागात सुमारे 4,000 वर्षांपूर्वी आकाशातून लोखंडी अशनींचा सडा पडला. तिथल्या उद्यानात ‘एल चाको’ नावाचा अशनी आहे, सुमारे 28.8 टनांचा, आणि 2016 मध्ये उकरलेला 30.8 टनांचा ‘गान्सेदो’. सगळी गर्दी वजनाच्या पाटीपाशी. यातला मोठा कोणता यावर वाद, सेल्फी, की चालले. मला या वजनकाट्याचा कंटाळा येतो. खरी गंमत अशनीच्या पोटात अडकलेल्या दगडांत आहे आणि ती न कापता दिसत नाही.

ती दिसली ब्युनॉस आयर्सला, एका संग्रहातल्या, अशा अशनीच्या कापलेल्या चकतीवर. दहापट भिंग घ्या आणि प्रकाश तिरपा पडू द्या. धातू चकाकतो, सिलिकेटचे, म्हणजे दगडाचे, कोनदार तुकडे काळपट हिरवेच राहतात. त्यातली खनिजं: ऑलिव्हीन, पायरॉक्सीन, फिकट प्लॅजिओक्लेज. मात्र प्रत्येक काळा डाग दगड नसतो. मऊ, मातकट काळा तो ग्रॅफाइट, म्हणजे कार्बन. पितळी झाक मारतो तो ट्रॉइलाइट, लोखंड-गंधकाचं खनिज. दोन्ही बहुधा दगडाच्या कडेलाच चिकटलेले. चुंबकाने ओळखायला जाऊ नका, भोवतीचं लोखंड त्याला ओढतंच.

वितळलेल्या लोखंडात दगड तरंगून वर जायला हवेत. त्यांची घनता लोखंडाच्या निम्म्याहून कमी. पण लघुग्रहांच्या टकरीत फुटलेल्या दगडांत धातू शिरला आणि दोघं वेगळे व्हायच्या आत थिजला. पुढे तो घन अवस्थेत लाखो वर्षं सावकाश निवत राहिला, म्हणून चकती आम्लाने घासल्यावर धातूत रुंद पट्ट्या उमटतात.

कापणाऱ्यांचे हाल वेगळेच. लोखंड चिवट, ऑलिव्हीन कठीण, ग्रॅफाइट भुसभुशीत; पातं भरकटतं आणि खडा उपटून येतो. दगड-धातूच्या फटीत क्लोराइड (मिठासारखे क्षार) आणि ओल शिरली की गंज तिथूनच सुरू होतो, चकती पापुद्र्यांनी सुटते. ओल्या बोटांनी चाचपणाऱ्यांनी हे ऐकावं.

असाच दगड पोटात असलेला अशनी 1898 मध्ये आपल्याकडे कोडाईकॅनॉलला सापडला होता. आर्जेन्टिनातला तुकडा कोणी गुपचूप विकत असेल तर घेऊ नका; 2007 च्या कायद्याने तिथले अशनी सांस्कृतिक ठेवा ठरलेत, परवानगीशिवाय बाहेर नेता येत नाहीत.