तुम्ही विचारलंत म्हणून: वर्गात मी माझं मत का सांगत नाही

पालकसभेत, लग्नाच्या मांडवात, एसटीची वाट बघताना हा प्रश्न हमखास येतो. "बाई, पोरांना हुंडा, मुलगा-मुलगी भेद, ऊसतोड असले विषय देता. मग काय बरोबर, काय चूक, ते तुम्हीच सांगून का टाकत नाही?"

वाळवा तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी मराठी आणि इतिहास शिकवते. सुरुवातीची काही वर्षं मी मत सांगत होते आणि जोरात सांगत होते. नववीला हुंड्यावर निबंध घातला, त्याआधी तासभर पोटतिडकीनं बोलले. वह्या आल्या तर पानोपानी एकच वाक्य: "हुंडा ही समाजाला लागलेली कीड आहे." माझंच वाक्य. मी खूश होऊन भरभरून गुण दिले. उन्हाळ्यात त्याच वर्गातल्या एका मुलीच्या बहिणीचं लग्न झालं. बैठकीत तोळे किती, गाडी कुठली, हे ठरत असताना ही तिथंच चहा देत होती. जूनमध्ये मी विचारलं तर म्हणाली, "हुंडा नव्हे ओ बाई ते, आम्ही खुशीनं दिलं." अगदी मनापासून सांगत होती. निबंधात तिला दहापैकी नऊ होते.

त्या उत्तरानं मला बरेच दिवस झोप लागली नाही. मग हळूहळू ध्यानात आलं की लाल पेन माझ्या हातात आहे. मी मत बोलले की त्याला गुणांचा भाव येतो आणि पोरं ते जसंच्या तसं परत करतात. त्यांचं स्वतःचं डोकं त्यात चालतच नाही.

तेव्हापासून मी आधी मोजायला लावते. 'मुली कमी का?' असं विचारलं की दरवर्षी ठरलेलं उत्तर येतं: गरिबी, अडाणीपणा. मी फळ्यावर २००१ च्या जनगणनेचे आकडे लिहिते. सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे राज्यात ९१३ मुली होत्या, आपल्या सांगली जिल्ह्यात ८५१. गडचिरोलीचा आकडा साडेनऊशेच्या वर होता. मग गप्प बसते. पहिली पाच मिनिटं कुणी काही बोलत नाही. आमच्याकडं कृष्णेचं पाणी आहे, साखर कारखाने आहेत, कॉलेजं आहेत, दवाखाने आहेत. अडाणी कोण म्हणायचं? एखादं पोरगं दबकत म्हणतं, "बाई, सोनोग्राफीला पैसे लागतात ना?" हे मी सांगितलं असतं तर त्यांनी वहीत उतरवून घेतलं असतं, एवढंच.

सगळंच चर्चेवर सोडते असं मात्र समजू नका. गर्भलिंग निदान हा १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, हे मी सांगतेच. तो काही माझ्या मताचा प्रश्न नाही. आणि कुणी कुणाची जात काढली तर तास तिथंच थांबतो.

दिवाळीच्या आगेमागे ऊस तोडायला बीडकडच्या मजुरांच्या टोळ्या येतात. गावाबाहेर त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडतात. आमच्या वर्गात निम्म्याहून जास्त घरं ऊसवाल्यांची, त्यामुळं हा विषय थेट जेवणाच्या ताटापर्यंत जातो. एका वर्षी मी पोरांना पाठवलं: टोळीत कोयते किती आणि माणसं किती, विचारून या. दहा कोयते, वीस माणसं. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, नवऱ्याच्या नावावर, हिशेब त्याच्याशी. एक दिवस खाडा झाला की दंड. "मग बाईची मजुरी किती?" या प्रश्नावर वर्ग अडला, कारण त्या हिशेबात तसा आकडाच नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात एका मुलाचे वडील शाळेत आले. रागावलेले नव्हते, अवघडलेले होते. "पोरगं जेवताना इचारतंय, आपल्या फडात बायका किती हैत. बाई, आता तुम्हीच सांगा, आमचं काही चुकतंय का?" त्यांना मी माझं मत सांगितलं, अगदी स्पष्ट. बाईच्या कामाचा हिशेब तिच्या नावानं व्हायला हवा आणि त्यात ऊसवाल्यांचा, कारखान्याचा, सगळ्यांचाच शब्द लागतो. ते माझ्याशी भांडू शकत होते आणि भांडलेही. "टोळी आणणारा मुकादम ठरवतो, आमच्या हातात काय?" असं बराच वेळ चाललं. त्यांना माझ्याकडून गुण घ्यायचे नव्हते.

त्याच वर्षी, टोळीवरचा पोरांचा अहवाल वर्गात वाचून झाल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. वर्षभरात क्वचितच बोललेली. म्हणाली, "बाई, आपण बायकांविषयी लिहिलं, पण सगळी उत्तरं मुकादमानं दिलीत." मी वही परत चाळली. खरंच होतं. प्रश्नावली माझी, पाठवणारी मी, आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी संध्याकाळी सहा मुलींना घेऊन मी कोप्यांवर गेले. दिवसा बायका फडात, आल्यावर चुलीपुढं. भाकरी थापता थापताच त्या बोलल्या. त्याच मुलीनं माझ्या प्रश्नावलीत नसलेला प्रश्न विचारला, "तुम्ही उठता कधी?"

"तीनला. थंडीत गाडी लवकर भरायची असली तर त्याच्याही आधी."

"आणि दादा?"

दोघी-तिघी एकमेकींकडं बघून हसल्या. तिनं ते हसणंही वहीत लिहून घेतलं.