तांबं अखेर सगळीकडे बसलं

बसलं! मागच्या तीन ॲल्युमिनियमच्या पत्र्यांची रड तुम्हाला पाठच झाली असेल: पत्र्यावर सूक्ष्म छिद्रांचा ऑक्साइड थर वाढवायचा आणि त्या छिद्रांत तांबं भरायचं. 0.3 मोलर ऑक्झॅलिक आम्ल, 40 व्होल्ट, दोन टप्प्यांचं ॲनोडायझिंग (आम्लात वीज सोडून ऑक्साइड वाढवायचा, पहिला थर काढून पुन्हा वाढवायचा), सगळं सुरळीत; पण तांबं भरायला घेतलं की चार-दोन ठिपके आणि बाकी पत्रा कोरा. काल मात्र पत्रा काठापासून काठापर्यंत जांभळट लाल झाला आणि अंगठ्याने घासूनही रंग निघाला नाही. एकमेकांपासून 100 नॅनोमीटर अंतरावरची छिद्रं आपल्या सूक्ष्मदर्शकाला दिसणार नाहीत, तेव्हा साक्षीदार हा रंगच.

घात केला होता बर्फाने. छिद्रांच्या बुडाशी बॅरियर थर, म्हणजे वीज अडवणारा अखंड ऑक्साइड, उरतो, 40 व्होल्टला चाळीसएक नॅनोमीटरचा. तो पातळ करायला मी व्होल्टेज उतरवत होतो, पण एका दमात 5 व्होल्ट, तेही आम्लाच्या 3 अंशांच्या बाथमध्ये. करंट शून्याला टेकायचा आणि मला वाटायचं, काम झालं. कसलं काय! करंट पडतो कारण नव्या व्होल्टेजला तो थर जाड पडतो. आम्लाने बूड हळूहळू विरघळवलं की करंट पुन्हा चढतो, आणि इतक्या थंडीत आम्ल ढिम्म हलत नाही. पत्रा जळू नये म्हणून केलेली थंडी इथे उलटली.

या वेळी बाथ 25 अंशांवर येऊ दिला. आधी 2-2 व्होल्ट, मग 1, आणि 10 च्या खाली अर्धा-अर्धा. दर पायरीला करंट वर येऊन स्थिरावेपर्यंत हात बांधून बसलो. 6 व्होल्टला थांबलो तेव्हा दीड तास गेला होता. मग तांबं भरायला एसी करंटवर कॉपर सल्फेट.

पॉवर सप्लायला दहा फेऱ्यांचा पोटेन्शिओमीटर लावाच; साध्या नॉबला नुसता हात लागला तरी एक व्होल्ट सरकतो. पत्रा बाथमधून वर येतो त्या पाण्याच्या रेषेवर झाकायला नेलपॉलिश नको, इपॉक्सी. पहिला थर काढायला क्रोमिक आम्ल मी अजूनही वापरत नाही. गरम फॉस्फोरिक आम्ल धातूही थोडा कुरतडतं, पण घरात क्रोमिकमधलं विषारी हेक्साव्हॅलंट क्रोमियम नको.

पुढे तांब्याऐवजी निकेल भरणार होतो, पण लिहिता लिहिता आठवलं: छिद्रांमधलं अंतर व्होल्टमागे 2.5 नॅनोमीटर, म्हणजे व्होल्टेज उतरताना छिद्रं जवळजवळ येऊन बुडाशी मुळांसारखे फाटे फुटले असणार. मग 40 व्होल्टवरच ठेवून बॅरियर फॉस्फोरिकने खाल्ला तर? छिद्र 40 चं धरलं तर मधली भिंत 60 ची, आणि ती दोन्ही बाजूंनी झिजणार. बूड फुटायच्या आधी भिंती गायब. बाद.

त्यापेक्षा फाटे राहू देत. तांबंच जास्त वेळ भरून छिद्रांत बनणाऱ्या तांब्याच्या तारा फाट्यांच्या वरच्या सरळ भागात चढवतो आणि मग ऑक्साइड कॉस्टिक सोड्यात विरघळवतो. निकेल थांबेल.