शरदातील सहलीचा बेत

सोमवार, रात्री

मुलांच्या शाळेची शरद ऋतूतील आठवड्याची सुट्टी जवळ आली असून, त्यातले दोन दिवस एफ्टेलिंग या परीकथांवर उभारलेल्या मनोरंजनाच्या बागेसाठी राखून ठेवायचे, हे आज जेवणे आटोपल्यावर आम्ही दोघांनी नक्की केले. अ‍ॅम्स्टलवेनमध्ये राहायला आल्यापासून या बागेचे नाव शेजारच्या डच कुटुंबांकडून सतत कानावर पडत आले आहे. तिच्याविषयी बोलताना ही माणसे उंच पाळण्यांचे, म्हणजे रोलर कोस्टरचे, वर्णन फारसे करत नाहीत. लहानपणी आजी-आजोबांचा हात धरून पाहिलेल्या परीकथांच्या वनाविषयी मात्र भरभरून बोलतात. यंदा माझ्या सासूबाई दिवाळीसाठी कराडहून आल्या आहेत. आमच्या मुलांनीही ते वन आजीचा हात धरूनच पाहावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे आणि बाकीचा सगळा बेत त्याभोवती बसवायचा आहे.

तारखांचा विचार करताना बराच वेळ गेला. नेदरलँड्समध्ये शाळांच्या सुट्ट्यांसाठी देशाचे उत्तर, मध्य आणि दक्षिण असे तीन भाग पाडलेले आहेत, आणि शरदाची सुट्टी सगळीकडे एकाच आठवड्यात पडतेच असे नाही. आम्ही उत्तर भागात राहतो, तर एफ्टेलिंग ज्या काट्सहूव्हल गावात आहे ते ब्राबांत प्रांतातले, म्हणजे दक्षिण भागातले. त्यात शेजारच्या जर्मनीतील सीमेलगतच्या राज्यात ऑक्टोबरमध्येच दोन आठवडे सुट्टी असते आणि बेल्जियममधील शाळांना एक नोव्हेंबरच्या सुमारास, त्यामुळे हा सबंध महिना तिथे गर्दीचाच म्हणायचा. सुट्टी नसताना मुलीची शाळा बुडवून एखाद्या निवांत मंगळवारी जाण्याचा प्रश्नच येत नाही, कारण इथे पाच वर्षे पूर्ण झाली की शाळेत जाणे कायद्याने सक्तीचे असते आणि सहलीसाठी रजा मिळत नाही. हा नियम मला योग्यच वाटतो. अखेर आमच्या सुट्टीतला मंगळवार बागेसाठी आणि त्याला जोडून बुधवारची सकाळ, असे ठरले, कारण शनिवार-रविवारी सुट्टी नसलेल्या भागांतली माणसेही येतात. तिकिटे मात्र त्या दिवसापुरती आधीच काढून ठेवावी लागतात. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नसते. आमच्या धाकट्याने ऑगस्टमध्ये चार पूर्ण केली, तेव्हा आता पाच तिकिटे.

बुधवार, संध्याकाळी

बुधवारी शाळा दुपारीच सुटते, म्हणून आज दोन्ही मुलांची उंची मोजली. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला पाठ लावून, टाचा टेकवून, डोक्यावर जाड पुस्तक आडवे धरून पेन्सिलीने खूण केली. धाकटा एकशे तीन सेंटिमीटर भरला आणि मोठी एकशे एकोणतीस. मोठीने वर्गातल्या मैत्रिणीकडून 'बारोन १८९८' या पाळण्याविषयी ऐकले आहे. २०१५ साली सुरू झालेला हा पाळणा सोन्याच्या खाणीच्या कल्पनेवर रचलेला असून, वर नेऊन क्षणभर थांबवलेली गाडी सुमारे ३७.५ मीटर उंचीवरून थेट जमिनीतल्या विवरात कोसळते. तिथे बसण्यासाठी उंची किमान १३२ सेंटिमीटर लागते. तीन सेंटिमीटरने तिची संधी हुकते आहे.

ही गोष्ट तिला आज घरीच सांगायची, असे मी ठरवले होते. रांगेच्या तोंडाशी मोजपट्टीजवळ उभे करून, मागे माणसे खोळंबलेली असताना आठ वर्षांच्या मुलीला 'तू बसत नाहीस' हे कळावे, यापेक्षा ते आपल्या दारात, आईच्या तोंडून कळणे केव्हाही बरे. तिचे डोळे भरून आले, हे खरे. तिने चौकटीवरची खूण पुन्हा पाहिली, केस वर ओढून बांधले तर चालेल का, असेही विचारले. मी नाही म्हटले, आणि त्या उंचीचा नियम का असतो हे तिला समजावून सांगितले: खांद्यावरून खाली येणारा दांडा अंगाला नीट बसला पाहिजे, आणि तो ठरावीक उंचीच्या शरीराच्या मापानेच केलेला असतो. मग आम्ही तिघांनी मिळून दुसरी यादी केली. 'पायथन' हा १९८१ सालचा जुना पाळणा, ज्याला १२० सेंटिमीटर पुरतात, तो तिचा आणि तिच्या बाबांचा. लाकडी सांगाड्यावरून धावणारा 'योरिस आणि ड्रॅगन' ११० सेंटिमीटरचा, म्हणजे तोही तिलाच मिळेल. 'माक्स आणि मोरित्स' ही गाडी १०० सेंटिमीटरच्या मुलांना मोठ्यांच्या सोबतीने चालते, म्हणून तिथे दोघे भावंडे एकत्र बसतील. धाकट्याला आपले तीन सेंटिमीटर जास्त भरले याचा इतका आनंद झाला की, तो संध्याकाळभर चौकटीपाशी जाऊन उभा राहत होता.

ज्या झपाटलेल्या वाड्याविषयी जुने लोक बोलतात तो २०२२ साली बंद झाला आणि त्याच्या जागी 'दान्स माकाब्र' हे भुताखेतांचे नवे नाट्य २०२४ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झाले. ते आम्ही सरळ वगळले आहे. धाकट्याला अंधाराची भीती वाटते आणि त्यानंतरचे दोन तास त्याच्या मनात दुसरे काही शिरणार नाही, हे मी आई म्हणून ओळखते.

शुक्रवार, रात्री उशिरा

आज दिवसाचा क्रम ठरवला, आणि या एका बाबतीत नवऱ्याशी माझा थोडा मतभेद झाला. त्याचे म्हणणे असे की, बाग उघडल्या उघडल्या मोठ्या पाळण्यांकडे जावे, म्हणजे रांगा लहान मिळतात, आणि वन दुपारी निवांत पाहावे. हिशेब म्हणून ते बरोबर आहे. पण बहुतेक सगळे तसेच करतात, म्हणूनच सकाळच्या पहिल्या तासाभरात वनात शांतता असते. शिवाय मुलांचे मन आणि आईंचे, म्हणजे सासूबाईंचे, गुडघे, दोन्ही सकाळीच ताजे असतात. दुपारी तीन वाजता पेंगुळलेल्या मुलाला झोपलेली राजकन्या दाखवून काय मिळणार? ज्यासाठी इतक्या लांब जायचे, त्याला दिवसाचा उत्तम वेळ द्यायला हवा, असे मी म्हटले आणि त्यालाही ते पटले. रांगेत अर्धा-पाऊण तास अधिक उभे राहावे लागले तर ते आम्ही मोठी माणसे सोसू.

या वनाविषयी मी गेले काही दिवस बरेच वाचते आहे. ते १९५२ सालच्या मे महिन्यात खुले झाले, तेव्हा त्यात मोजक्याच परीकथा होत्या. चित्रकार आंतोन पीक यांनी त्यांची रेखाटने केली आणि त्या चित्रांना चालते-बोलते करण्याची यांत्रिक बाजू पेटर रैंडर्स यांनी सांभाळली. मोडकी कौले, कललेल्या भिंती, शेवाळलेल्या विटा हे सारे पीक यांच्या चित्रातून जसेच्या तसे उतरले आहे. काटेरी गुलाबांच्या किल्ल्यात झोपलेल्या राजकन्येची छाती श्वासागणिक हलताना दिसते. लांगनेक नावाचा गडी आपली मान झाडांच्या वर उंचावतो. आणि होल्ले बोल्ले खाइस नावाचा खादाड माणूस तोंडाचा आ वासून 'कागद इकडे' असे ओरडत असतो, त्याच्या तोंडाशी कागद नेला की हवेच्या झोताने तो आत ओढून घेतो आणि वर आभारही मानतो. पहिला खाइस १९५९ साली आला. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या डच मुले कचरा टाकण्यासाठी रांग लावत आली आहेत, ही मला त्या बागेतली सर्वांत सुंदर कल्पना वाटते. मी आतापासून रिकामी पाकिटे आणि कागदाचे बोळे एका पिशवीत जमा करते आहे, म्हणजे धाकट्याला त्याला पोटभर खाऊ घालता येईल.

एक गोष्ट मी आईंसाठी खास राखून ठेवली आहे. बेल्जियमची राणी फाबिओला यांनी लिहिलेल्या कथेवर आधारलेला 'भारतीय कमळे' नावाचा देखावा तिथे १९६६ पासून आहे: दगडी गुहेत तळे, चेटकिणीने कमळे करून टाकलेल्या पऱ्या, आणि पाकळ्या उमलल्या की त्यांचे नृत्य. परक्या देशातल्या राणीने कल्पिलेला भारत कसा दिसतो, हे आईंच्या शेजारी बसून पाहायची मला उत्सुकता आहे.

आईंना हिमगौरी आणि सात बुटक्यांची गोष्ट लहानपणापासून पाठ आहे, हे त्यांनी आज चहा घेताना सांगितले. तेवढ्यावर न थांबता त्यांनी धाकट्याला मांडीवर घेऊन ती सुरूही केली. वनातले आवाज डच भाषेत आहेत. मोठीला ते समजतील, आईंना नाही. पण गोष्ट ठाऊक असली की माणूस देखावा पाहून पुढचे आपले आपण सांगू लागतो. काडेपेट्या विकणाऱ्या मुलीचा देखावा धाकट्याला दाखवावा की नाही, असा माझ्या मनात किंतु होता, कारण ती गोष्ट मृत्यूची आहे. आई म्हणाल्या, "अगं, दुःखाची गोष्टसुद्धा पोरांना सांगावी, फक्त ती मांडीवर घेऊन सांगावी." मग तोही यादीत राहिला.

दुपारी मोठी आणि तिचे बाबा पाळण्यांकडे जातील. त्या वेळात आई, धाकटा आणि मी बागेतल्या वाफेच्या आगगाडीने एका स्थानकावरून दुसऱ्या स्थानकावर जाऊ, म्हणजे आईंना बसूनच बाग पाहता येईल. "माझं काय, मी बसेन की बाकावर, तुम्ही हिंडा," असे त्या म्हणतात, पण त्यांना बाकावर बसवून ठेवायचे असते तर इतका विचार कशाला केला असता? पुढे सगळ्यांनी मिळून 'ड्रोमफ्लुख्त'. १९९३ सालची ही सफर आहे: छताला टांगलेल्या गाडीत बसून पऱ्यांच्या जंगलातून आणि तरंगत्या किल्ल्यांजवळून संथपणे जायचे. तिथे उंचीची आडकाठी नाही आणि गुडघ्यांना त्रासही नाही. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा निघण्यापूर्वी दिवे लागलेली बाग पाहायला मिळेल.

एवढेच. 'सिंबोलिका', 'फाता मोर्गाना', 'फोगल रोक' ही बागेतल्या आणखी काही सफरींची नावे नवऱ्याने कागदाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवली आहेत. वेळ उरला तर त्यातले एखादे पाहू. सगळे पाहिलेच पाहिजे असा हट्ट धरला की मुलांना हाताला धरून ओढत न्यावे लागते आणि आपला आवाज चढतो. तसा दिवस मला नको आहे.

रविवार, दुपारी

मुक्कामाचा प्रश्न सुटला. बागेच्या स्वतःच्या हॉटेलांत राहिले तर प्रवेश त्यातच धरलेला असतो, परंतु सुट्टीच्या आठवड्यातले दर आमच्या आवाक्याबाहेरचे आहेत. त्याऐवजी जवळच्या वालवेइक गावात एका रात्रीसाठी लहानसे घर मिळाले आहे. त्यात स्वयंपाकघर आहे, याचे मला विशेष समाधान वाटते. दिवसभर थंडीवाऱ्यात हिंडून आल्यावर आईंना आणि मुलांना गरम वरणभात आणि तूप मिळाले पाहिजे. मुगाची डाळ, तांदूळ, हिंग-हळदीच्या पुड्या आणि छोटा कुकर गाडीत टाकायचा. बागेत आपला डबा नेता येतो, म्हणून सकाळी निघताना तिखटमिठाच्या पुऱ्या आणि गूळपोळ्या बांधून घेणार आहे. मुलांना तिथले पोफर्चेस हवे आहेत, लोणी आणि पिठीसाखर घातलेले ते छोटे फुगीर घावन त्यांनी जरूर खावेत. आईंना त्यात अंडे असते म्हणून चालत नाहीत, त्यांच्यासाठी तळलेल्या बटाट्याच्या फोडी मिळतील.

पावसाची तयारी मात्र कसून करायला हवी. इथला ऑक्टोबर म्हणजे दिवसाला पंधरा अंशांच्या आतबाहेरचे तापमान आणि कधीही येणारी सर. आईंना गावाकडच्या ऑक्टोबरची सवय आहे. अंगाची काहिली करणारे ऊन जाऊन नुकती कुठे थंडीची चाहूल लागते, त्या दिवसांत इथे लोकरी टोपी घालावी लागते हे त्यांना पटवावे लागले. त्यांच्यासाठी काल तळव्याला चांगली पकड असलेले बूट घेतले, कारण ओल्या पानांवरून पाय सरकतो. मुलांना पावसाळी पँट आणि प्रत्येकी मोज्यांचे दोन जादा जोड.

बुधवारची सकाळ लोन आणि ड्रुनेन गावांमधल्या वाळूच्या टेकड्यांसाठी ठेवली आहे. हे राष्ट्रीय उद्यान बागेपासून अगदी जवळ आहे, वारा वाळू सतत इकडची तिकडे नेत असतो, आणि आत जायला पैसे पडत नाहीत. कडेच्या जंगलात या दिवसांत भूर्जवृक्षांच्या मुळाशी लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेल्या विषारी अळंब्या उगवतात. आदल्या दिवशी परीकथांच्या वनात त्याच रूपाच्या, पण संगीत वाजवणाऱ्या अळंब्यांना कान लावलेला असेल, तेव्हा धाकटा इथेही वाकून कान लावणार, याची मला खात्री आहे. हात लावायचा नाही, हे त्याला आधीच बजावून ठेवायचे आहे, आणि ती जबाबदारी मोठीने आपणहून घेतली आहे. जेवायच्या वेळेपर्यंत तिथे हुंदडू द्यायचे आणि मग घरी परतायचे. गाडीने सव्वा तासाचा रस्ता आहे, मुले वाटेत झोपतील. गुरुवारपासून मला चकलीच्या भाजणीकडे आणि आकाशकंदिलाकडे वळायचे आहे.

घराच्या छायाचित्रांत जिना दिसतो तो इथल्या बहुतेक घरांतल्यासारखा उभा आणि अरुंद आहे. तेव्हा खालच्या मजल्यावर एक पलंग आईंसाठी लावून मिळेल का, हे उद्या सकाळी कामावर जाण्यापूर्वी घरमालकांना फोन करून विचारायचे आहे.