कॅन्टनची अफू आणि स्वच्छ हात

रविवार, रात्री उशिरा

जेवताना इंग्रजांच्या चीनमधल्या अफूच्या व्यापाराचा विषय निघाला आणि भाऊ सहज म्हणाला, “अरे, तेव्हा काळच तसा होता.” मी वाद घातला नाही. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना, म्हणून वही उघडली.

काळ तसाच होता, तर एवढी लपवाछपवी कशासाठी? चीनच्या बादशहाने अफूच्या विक्रीवर १७२९ मध्येच बंदी घातली होती. इंग्रजांना चहा हवा होता आणि चिनी लोक त्याच्या बदल्यात मुख्यतः चांदीच मागत. मग ईस्ट इंडिया कंपनीने काय करावं? बिहारच्या रयतेला आगाऊ पैसे देऊन अफू पिकवून घ्यायची, पाटणा-गाझीपूरला तिचे गोळे करायचे, कलकत्त्यात लिलाव करायचा आणि तिथेच हात झटकायचे. पुढे चीनच्या किनाऱ्याजवळच्या लिंटिन बेटापाशी चोरून माल उतरवणारे व्यापारी ‘खासगी’. आपल्या स्वतःच्या जहाजांना मात्र कंपनीने चीनला अफू न्यायची मनाई केली होती. चहाच्या खरेदीसाठी चांदी मिळायची ती याच अफूतून. आपण करतोय त्यात काही वावगं नाही असं वाटणारा माणूस इतका बंदोबस्त करत नाही.

चिनी बाजूही काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. कॅन्टन या चिनी बंदरातले अधिकारी पैसे घेऊन डोळेझाक करत. दरबाराला व्यसनी प्रजेची काळजी होती, तशी बाहेर चाललेल्या चांदीचीही होती. तरी १८३९ मध्ये बादशहाने तिथे पाठवलेला अधिकारी लिन झेशू हा माणूस मला वेगळा वाटतो. त्याने वीस हजारांवर पेट्या ताब्यात घेतल्या आणि कॅन्टनजवळच्या हुमेनला खड्डे खणून, पाणी, मीठ आणि चुना घालून ती अफू नासवली आणि समुद्रात सोडली. त्याआधी हे विष पाण्यात सोडतोय म्हणून समुद्रदेवतेची क्षमाही मागितली! व्हिक्टोरिया राणीला उद्देशून त्याने पत्र लिहिलं. त्यात तो धरून चालला होता की इंग्लंडमध्ये अफूला बंदी आहे. ती नव्हती, तिथे ती औषध म्हणून सर्रास विकली जाई. पण त्याचा मूळ प्रश्न त्यामुळे खोटा ठरत नाही: ज्या देशाने नको म्हटलंय, त्याच्या गळी ती का उतरवता?

उत्तर तोफांनी आलं. इंग्रज अधिकारी एलियट याने व्यापाऱ्यांना सांगितलं होतं की पेट्या माझ्या हवाली करा, भरपाई सरकार देईल. म्हणजे एका रात्रीत चोरटा माल राणीचा झाला. युद्ध संपवणाऱ्या १८४२ च्या नानकिंगच्या तहात हाँगकाँग गेलंच, वर दोन कोटी दहा लाख डॉलर चीनकडून वसूल ठरले. त्यातले साठ लाख जप्त अफूचे. खुद्द ब्रिटिश संसदेत, १८४० साली, सरकारवर ठपका ठेवणारा ठराव अवघ्या नऊ मतांनी पडला होता. पुढे पंतप्रधान झालेल्या तरुण ग्लॅडस्टनने या लढाईला अन्याय्य म्हटलं होतं. तेही त्याच काळातले की!

हे सगळं ‘त्यांचं’ म्हणून सोडता येत नाही, हेच जास्त टोचतं. माळव्याची अफू पिकत होती शिंदे-होळकरांच्या मुलखात. कंपनीने आधी ती अडवायचा प्रयत्न केला, तेव्हा ती सिंधमार्गे पोर्तुगीजांच्या दमणला जाऊ लागली. शेवटी कंपनीने परवान्याची फी लावून तिला मुंबईची वाट मोकळी केली. मुंबईचे पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभाई यांनी कापसाबरोबर याच मालात पैसा केला. नानकिंगच्या तहाच्याच वर्षी त्यांना ‘सर’ किताब मिळाला. त्यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या जे. जे. रुग्णालयात आमच्या घरातलीही माणसं बरी होऊन आली आहेत. त्या दानाला मी नावं ठेवणार नाही, पण कॅन्टनच्या बाकीत ते जमा धरायलाही माझं मन तयार नाही.

आणि पारशी म्हणून सगळ्यांना एका मापाने मोजणंही चूक. दादाभाई नौरोजींनी लंडनमध्ये कामा या व्यापारी पेढीतली भागीदारी सोडली, कारण दारू-अफूच्या नफ्यात त्यांना वाटा नको होता. पुढे त्यांनी हिशेबच मांडला: इंग्लंड हिंदुस्थानातून जे ओढून नेतं त्याची तूट हिंदुस्थान एकटा भरू शकत नाही, म्हणून चीनला अफू पाजून ती भरून काढली जाते. भावाला उद्या हे सांगायला हवं. तो म्हणेल, दादाभाई अपवाद. मग मी त्याला अफू न नेणाऱ्या कंपनीच्या त्या जहाजांबद्दल विचारेन.